मध्यरात्रीची मिस्सा

येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवानिमित्त २४ व २५ डिसेंबरच्या मधल्या रात्री रोमन कॅथलिक पंथात होणारा उपासनाविधी. या पंथाने नाताळच्या सणासाठी रात्र, पहाट व दिवस अशा तीन वेळांच्या तीन स्वतंत्र मिस्सा नेमलेल्या असून, मध्यरात्रीची मिस्सा ही त्यांपैकी पहिली होय. येशूने आपल्या शिष्यांसमवेत घेतलेल्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याचा जो विधी, त्यास मिस्सा म्हणतात. विधीच्या अखेरीस उपासकांना निरोप देताना उच्चारावयाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव रूढ झाले आणि पोर्तुगीजांच्या द्वारे ते कोकणी व मराठी भाषिक कॅथलिकांच्या बोलीत आले.

येशूचा जन्म नेमका मध्यरात्री झाला, असे चारही शुभवर्तमानांत कोठे सांगितलेले नाही. मिसाल या अधिकृत उपासनाग्रंथातही ‘रात्रीची मिस्सा’ एवढाच निर्देश आढळतो. मध्यरात्र ही वेळ परंपरेने निश्चित केलेली आहे. प्रार्थना, वाचने व गीते यांत कालमानानुसार बदल होत गेले, तरी सामान्य भाविकाच्या दृष्टीने या मिस्सेचे वैशिष्ट्य तिच्या वेळेतच सामावलेले राहिले. त्यामुळे या मिस्सेचा इतिहास हा बव्हंशी तिच्या वेळेचा इतिहास आहे.

वेळेमागील कल्पना : संत लूकच्या शुभवर्तमानानुसार, बेथलीएमच्या परिसरातील मेंढपाळ रात्री आपल्या कळपाची राखण करीत असता देवदूताने त्यांना ख्रिस्तजन्माची वार्ता सांगितली. जन्माची बातमी प्रथम रात्री कळली, एवढाच आधार या वृत्तांतातून मिळतो. मध्यरात्रीच्या कल्पनेला बळ मिळाले ते जुन्या करारातील ‘ज्ञानग्रंथा’च्या अठराव्या अध्यायातील एका वर्णनामुळे. सर्वत्र शांतता पसरली असता आणि रात्र निम्मी सरली असता परमेश्वराचा शब्द स्वर्गातून पृथ्वीवर उतरला, असा त्या वर्णनाचा आशय आहे. मूळ संदर्भ इझ्राएल लोकांच्या ईजिप्तमधील सुटकेचा असला, तरी ख्रिस्ती परंपरेने हा शब्द म्हणजे ख्रिस्त, असा त्याचा अर्थ लावला. दाट काळोखात प्रकाशाचा उदय ही प्रतिमा यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातही येते आणि तोच उतारा या मिस्सेत पहिले वाचन म्हणून घेतला जातो. उत्तर गोलार्धात डिसेंबरअखेरीच्या रात्री वर्षातील सर्वांत दीर्घ रात्रींपैकी असल्याने ही प्रतिमा यूरोपात विशेष अर्थपूर्ण ठरली.

उगम व विकास : २५ डिसेंबर ही ख्रिस्तजन्माची तिथी म्हणून रोममध्ये चौथ्या शतकात पाळली जात असल्याचा पुरावा इ. स. ३५४ च्या एका रोमन कालनिर्देशिकेत मिळतो. तीतील संबंधित यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. त्या काळी रोममध्ये या सणाची एकच मिस्सा होत असे व ती दिवसा संत पीटरच्या बॅसिलिकात होई. रात्रीच्या उपासनेची प्रेरणा पॅलेस्टाइनमधून आली असावी. एजेरिया या यात्रेकरू स्त्रीने ३८१ ते ३८४ च्या दरम्यान केलेल्या यात्रेचा वृत्तांत उपलब्ध आहे. त्यावरून तेथील ख्रिस्ती समाज ६ जानेवारीच्या सणासाठी बेथलीएमला रात्रीची उपासना करून, स्तोत्रे म्हणत, पहाटेपर्यंत जेरूसलेमला मिरवणुकीने परतत असे, असे दिसते.

इ. स. ४३१ मध्ये भरलेल्या एफेससच्या धर्मपरिषदेने मरियेला ‘देवमाता’ ही पदवी मान्य केली. त्यानंतर पोप तिसरा सिक्स्टस (कार. ४३२–४४०) याने रोममधील एस्क्विलीन टेकडीवर मरियेच्या नावाची भव्य बॅसिलिका उभारली. सांता मारिया माज्जोरे या नावाने ती आज प्रसिद्ध आहे. तेथे बेथलीएमच्या गुहेच्या धर्तीवर गव्हाणीचे प्रार्थनास्थान तयार झाले आणि सातव्या शतकात हे चर्च ‘गव्हाणीजवळची मरिया’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. बेथलीएममधील रात्रीच्या उपासनेचे अनुकरण म्हणून या चर्चमध्ये रात्रीची मिस्सा सुरू झाली, असे सामान्यपणे मानले जाते. दुसऱ्या शतकातील पोप टेलेस्फोरस याने ही प्रथा घालून दिल्याचे विधान सहाव्या शतकातील ‘लीबेर पाँतिफिकालिस’ या पोप-चरित्रसंग्रहात आढळते. परंतु त्याच्या काळी रोममध्ये नाताळचा सणच पाळला जात असल्याचा पुरावा नसल्यामुळे अभ्यासक ते ग्राह्य मानीत नाहीत.

पहाटेच्या मिस्सेची भर नंतर पडली. पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या संत अनास्तासियाच्या चर्चमध्ये २५ डिसेंबरला त्या हुतात्मा स्त्रीचा सण असे आणि पोप रात्रीच्या व दिवसाच्या मिस्सांच्या दरम्यान तेथे मिस्सा अर्पण करी. पुढे या मिस्सेला ख्रिस्तजन्माच्या मिस्सेचे रूप आले. पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याच्या एका नाताळ-प्रवचनात त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करावयाच्या असल्याचा उल्लेख आहे. अशा रीतीने रोम शहरातील तीन स्थळांशी निगडित असलेली ही व्यवस्था उपासनाग्रंथांच्या द्वारे सर्व पश्चिम यूरोपात पसरली. गावोगावी एकाच चर्चमध्ये तिन्ही मिस्सा होऊ लागल्यावर त्यांचे मूळ स्थलविषयक कारण विस्मृतीत गेले आणि त्यांना तात्त्विक अर्थ देण्यात आला. तेराव्या शतकात संत टॉमस अक्वाय्‌नस याने ख्रिस्ताचे तीन जन्म सांगितले : पित्यापासूनचा अनादी जन्म मानवाला अगोचर, म्हणून त्याची मिस्सा रात्री, भाविकाच्या अंतःकरणातील आध्यात्मिक जन्म उगवत्या ताऱ्यासारखा, म्हणून त्याची मिस्सा पहाटे, आणि मरियेपासूनचा देहधारी जन्म प्रत्यक्ष दिसणारा, म्हणून त्याची मिस्सा भर दिवसा.

विधीचे स्वरूप : नाताळापूर्वीचे सुमारे चार आठवडे हा आगमनकाळ होय. या काळात जांभळी वस्त्रे वापरतात आणि देवदूतांचे स्तुतिगीत मानलेले ‘ग्लोरिया’ सहसा गाइले जात नाही. त्यामुळे मध्यरात्रीच्या मिस्सेत पांढरी वा सोनेरी वस्त्रे परिधान केलेला धर्मगुरू ग्लोरियाचा आरंभ करतो आणि घंटा वाजू लागतात, तो क्षण आगमनकाळ संपून सण सुरू झाल्याची खूण ठरतो. मिस्सेच्या प्रारंभी पुष्कळ ठिकाणी ख्रिस्तजन्माची प्राचीन घोषणा गातात. तीत जगाच्या व रोमच्या इतिहासातील कालगणनांचा आधार देऊन या जन्माचा काळ सांगितलेला असतो. आतापर्यंत रिकाम्या ठेवलेल्या गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती याच वेळी ठेवली जाते.

यशयाच्या वाचनानंतर संत पौलाच्या नावे असलेल्या तीतास पत्रातील उतारा आणि त्यापुढे लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा वाचतात. ही कथा देवदूतांच्या स्तवनापाशी थांबते. मेंढपाळ गव्हाणीपाशी पोहोचतात तो भाग पहाटेच्या मिस्सेसाठी राखून ठेवलेला असून, दिवसाच्या मिस्सेत संत योहानच्या शुभवर्तमानाचा तत्त्वचिंतनपर आरंभ वाचतात. वार्ता, दर्शन व चिंतन असा हा क्रम होय. श्रद्धासूत्र म्हणताना देवाने मानवी देह धारण केल्याच्या शब्दांपाशी इतर दिवशी केवळ मस्तक नमविण्याची प्रथा आहे. नाताळात मात्र सर्वजण गुडघे टेकतात. पूर्वी मिस्सेआधी रात्रीची दीर्घ प्रार्थना होत असे व मठांतून ती आजही चालते. नाताळच्या दिवशी एकाच धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे, मात्र त्या आपापल्या वेळीच व्हाव्या लागतात.

लोकाचार : गव्हाणीच्या देखाव्याचा या मिस्सेशी असलेला संबंध संत फ्रान्सिस ऑफ असिसी याच्यामुळे दृढ झाला. इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ च्या नाताळात त्याने डोंगरातील एका गुहेत गवत पसरलेली गव्हाण मांडली, बैल व गाढव आणविले आणि त्या गव्हाणीवर रात्रीची मिस्सा करविली. धर्मगुरूपदाची दीक्षा न घेतलेल्या फ्रान्सिसने उपधर्मगुरूच्या नात्याने शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. मशाली घेऊन आलेल्या खेडुतांना जन्मकथा समजण्यास लॅटिन जाणण्याची गरज उरली नाही. फ्रान्सिस्कन संन्याशांनी ही प्रथा सर्वत्र नेली.

स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत या मिस्सेला ‘कोंबड्याची मिस्सा’ म्हणतात. पहिला कोंबडा आरवण्याच्या प्रहराशी या नावाचा संबंध असून, येशूच्या जन्माची वार्ता कोंबड्याने प्रथम दिली, अशी लोककथाही त्याभोवती गुंफलेली आहे. पोलंडमध्ये तिला ‘पास्तेर्का’, म्हणजे मेंढपाळांची मिस्सा, असे नाव आहे. फिलिपीन्समध्ये १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या मिस्सा होतात व त्यांची समाप्ती नाताळच्या रात्रीच्या मिस्सेने होते.

नाताळचा आदला दिवस पूर्वी उपवासाचा असे. त्यामुळे मिस्सेनंतर घरी परतून केलेले भोजन हा सणाचा आनंददायक भाग बनला. जागरण या अर्थाच्या शब्दावरून फ्रान्समध्ये या भोजनास ‘रेव्हेयाँ’ म्हणतात. भोजनाच्या ओढीने तिन्ही मिस्सा घाईघाईने उरकणाऱ्या धर्मगुरूची कथा आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाने लिहिली आहे. ब्राझीलचा कथाकार माशादो द आसिस याने या मिस्सेची वाट पाहण्यात सरलेली रात्र हा आपल्या एका प्रसिद्ध कथेचा विषय केला आहे. संगीतात मार्क-आंत्वान शार्पाँत्ये या फ्रेंच संगीतकाराने सतराव्या शतकाच्या अखेरीस रचलेली मध्यरात्रीची मिस्सा विख्यात असून, तीत नाताळच्या लोकगीतांच्या चालींवर लॅटिन प्रार्थना बसविलेल्या आहेत. योझेफ मोर याने रचलेले व फ्रांट्स ग्रूबर याने स्वरबद्ध केलेले ‘श्टिले नाख्ट’ हे जर्मन गीत ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथील चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ रोजी गिटारच्या साथीने प्रथम गाइले गेले.

निर्बंध व संघर्ष : रात्री मोठ्या संख्येने एकत्र जमण्याची ही प्रथा राज्यसत्तांना वेळोवेळी अडचणीची वाटली. इंग्लंडमध्ये प्यूरिटन वर्चस्वाखालील पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळचा सणच रद्द केला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ साली, पॅरिसच्या नगरशासनाने नाताळच्या रात्री चर्चे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. तथापि काही ठिकाणी लोकांनी चर्चे उघडावयास लावून मिस्सा करविली.

विसाव्या शतकातील पोलंडचे उदाहरण विशेष बोलके आहे. क्रेकोजवळ कम्युनिस्ट राजवटीने वसविलेल्या नोव्हा हूता या पोलाद-नगरीच्या आराखड्यात चर्चला स्थान नव्हते. तेथे १९५९ पासून साहाय्यक बिशप कारोल व्होयतीवा हा नाताळच्या रात्री कडाक्याच्या थंडीत उघड्या मैदानावर मिस्सा अर्पण करू लागला. दीर्घ झगड्यानंतर उभारलेल्या चर्चचे पवित्रीकरण १९७७ मध्ये त्याच्याच हस्ते झाले आणि पुढच्याच वर्षी तो दुसरा जॉन पॉल या नावाने पोप झाला. पोलंडमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा पुकारण्यात आला, तेव्हा रात्रीची संचारबंदी जारी होती; परंतु नाताळच्या रात्री पास्तेर्कासाठी ती शिथिल करणे सरकारला भाग पडले.

बेथलीएममध्ये ख्रिस्तजन्माच्या बॅसिलिकावर ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन व कॅथलिक या तीन पंथांचे हक्क असून, कॅथलिकांची मध्यरात्रीची मिस्सा तिला लागूनच असलेल्या संत कॅथरीनच्या चर्चमध्ये जेरूसलेमचा लॅटिन पेट्रिआर्क अर्पण करतो. मिस्सेनंतर बाळ येशूची मूर्ती जन्मगुहेत नेली जाते. १९९५ मध्ये हे शहर पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आल्यावर यासर अराफात प्रथमच या मिस्सेस उपस्थित राहिले. २००१ मध्ये मात्र इझ्राएलने त्यांना तेथे जाण्यास मनाई केली व त्यांची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली. गाझातील युद्धामुळे २०२३ मध्ये तेथील सार्वजनिक उत्सव रद्द झाले, परंतु मिस्सा खंडित झाली नाही.

विसाव्या शतकातील बदल : १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार मिस्सेचा आरंभ पहाटेच्या एक तास आधीपासून दुपारी एक वाजेपर्यंतच करता येत असे. नाताळच्या मध्यरात्रीची धर्मग्रामाची वा मठाची मिस्सा हा या नियमास संहितेनेच दिलेला अपवाद होता. कम्युनियन घेणाऱ्याने आदल्या मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य करावे, असाही नियम असे. रात्री चर्चमध्ये जाऊन मिस्सा ऐकणे हा म्हणूनच वर्षातून एकदाच येणारा अनुभव होता. पोप बारावा पायस याने १९५३ व १९५७ मध्ये उपवासाचे नियम सौम्य करून संध्याकाळच्या मिस्सांना वाट मोकळी केली. १९६४ मध्ये उपवासाची मर्यादा एका तासावर आली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषा आल्या. १९७० च्या मिसालमध्ये आदल्या संध्याकाळची मिस्साही समाविष्ट आहे. या सुधारणांमुळे उपासना लोकांना जवळची झाली. मात्र मध्यरात्रीच्या मिस्सेचे नियमजन्य अपवादात्मक स्थान संपले व ती अनेक पर्यायांपैकी एक ठरली. पोप सहावा पॉल याने १९६८ मध्ये दक्षिण इटलीतील तारांतो येथील पोलाद कारखान्यात कामगारांसमवेत ही मिस्सा अर्पण केली.

रोममध्ये संत पीटरच्या बॅसिलिकातील मिस्सा २००९ मध्ये पोप सोळावा बेनेडिक्ट याच्या काळात रात्री दहा वाजता घेण्यात आली. पोप फ्रान्सिसच्या काळात ती आणखी अलीकडे आणली गेली व २०२० मध्ये करोना साथीच्या संचारबंदीमुळे सायंकाळी साडेसात वाजता झाली. मिसालमध्ये ‘रात्र’ एवढाच शब्द असल्याने या बदलांना विधीची आडकाठी आली नाही.

गोवा व महाराष्ट्र : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात आल्यानंतर कोकण किनाऱ्यावर कॅथलिक पंथाचा प्रसार झाला. ‘नाताळ’ हा मराठी शब्दही जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलेला आहे. गोव्यात मध्यरात्रीच्या मिस्सेचे पोर्तुगीज नाव जुन्या पिढीत प्रचलित होते. मिस्सेनंतर परस्परांना शुभेच्छा देऊन कुटुंबे घरी परततात. शेजाऱ्यांना, त्यांत हिंदू शेजारीही आले, नेवऱ्या, दोदोल, कुलकुल इ. पदार्थांची ताटे पाठविण्याची चाल आहे. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकली. त्यानंतरही तेथील कॅथलिक समाज आपला धर्म व आपल्या मराठी बोली राखून राहिला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर तेथे मिस्सा मराठीतून होऊ लागली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लॅटिनमध्ये ऐकलेली जन्मकथा भाविकांना मध्यरात्रीच्या मिस्सेत स्वभाषेत ऐकावयास मिळाली.

मुंबई, वसई व गोवा येथे या रात्री चर्चच्या इमारतीत मावणार नाही एवढा समुदाय लोटत असल्याने मिस्सा बहुधा पटांगणात, मांडव घालून व ध्वनिक्षेपक लावून होत असे. केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त जागेबाहेर ध्वनिक्षेपकास मनाई केली. २००२ मधील दुरुस्तीनुसार राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. परंतु सवलत संपते नेमक्या त्याच घटकेला मिस्सा सुरू व्हावयाची असते. परिणामी अनेक धर्मग्रामांनी पटांगणातील मिस्सा रात्री दहापूर्वी संपेल अशा वेळी ठेवली. काहींनी मध्यरात्रीची मिस्सा चर्चच्या आत चालू ठेवली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातील महानगरपालिका क्षेत्रांत रात्री अकरानंतर संचारबंदी असल्याने तेथेही मिस्सा लवकर उरकाव्या लागल्या.

मूल्यमापन : लवकर होणाऱ्या मिस्सेमुळे वृद्ध, लहान मुले व दूर राहणारी कुटुंबे यांची सोय होते, परिसरातील इतर रहिवाशांच्या विश्रांतीचाही मान राखला जातो. विधीच्या दृष्टीने तीत कोणतेही न्यून नाही. दुसऱ्या बाजूला, झोपलेल्या गावातून कंदील घेऊन एकत्र चालत जाणे, थंडीत जागे राहणे आणि वार्ता ऐकून काळोखातून घरी परतणे, हे मेंढपाळांच्या अनुभवाशी नाते जोडणारे आचरण वेळेबरोबर लोप पावते. शास्त्राने न सांगितलेली वेळ परंपरेने पंधरा शतके जपली. मिस्सा दहा वाजता वा त्याआधीही होत असता तिला ‘मध्यरात्रीची मिस्सा’ हेच नाव बहुतेक ठिकाणी टिकून आहे, यावरून त्या वेळेची लोकमानसावरील पकड स्पष्ट होते.